‘नॅचरल आहे, काळजी करू नका’

काही वर्षांपूर्वी सत्तरीचे एक आजोबा पायाच्या जखमेसाठी माझ्याकडे यायचे. मधुमेह जुना, जखम हट्टी. गळ्यात तुळशीची माळ, वर्षानुवर्षं न चुकलेली वारी. साधी ड्रेसिंग करून तेही कंटाळले होते आणि मीही. म्हणून मी कोलॅजेनची पट्टी लावायला सुरुवात केली. त्यांनी विचारलं, “हे काय आहे डॉक्टर?” बाहेर रांग होती, मी घाईत होतो. म्हणालो, “नॅचरल आहे आजोबा, केमिकल नाही. काळजी करू नका.”

जखम भरत आली. चौथ्या ड्रेसिंगला त्यांचा नातू सोबत आला. त्यानं रिकामं पाकीट उचललं, त्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि विचारलं, “डॉक्टर, बोव्हाइन म्हणजे गाय-बैलच ना?” आजोबा काही बोलले नाहीत. निघताना दारात थांबून एवढंच म्हणाले, “सांगितलं असतंत तर मी नाहीच म्हटलं असतं असं नाही. पण सांगायला हवं होतं.”

त्या एका वाक्यात मी दोन चुका केल्या होत्या. वस्तू कुठून आली ते सांगितलं नाही, ही पहिली. आणि ‘केमिकल नाही’ हे चक्क चुकीचं होतं, ही दुसरी. त्याच पाकिटावर ‘क्रॉसलिंक्ड कोलॅजेन’ असंही छापलेलं होतं. म्हणजे ते कोलॅजेन जसंच्या तसं नव्हतं, त्यावर प्रक्रिया केलेली होती. तशी केली नसती तर ती पट्टी ओल्या जखमेवर फार टिकलीच नसती.

तेव्हापासून मी हा विषय वाचत आलो आहे. माझं मत स्पष्ट सांगतो. उपचाराची एखादी वस्तू ‘नैसर्गिक आहे की रासायनिक’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्यानं चांगल्या उपचाराची भीती वाटते आणि धोक्याच्या उपचारावर विश्वास बसतो. त्याऐवजी विचारायचे चार प्रश्न आहेत. ते शेवटी देतो. पण आधी हे क्रॉसलिंकिंग म्हणजे काय ते बघू, म्हणजे ते प्रश्न का विचारायचे हे लक्षात येईल.

सुटे धागे आणि आडव्या गाठी

मासेमारीचं जाळं डोळ्यांसमोर आणा. त्यातल्या सगळ्या गाठी सोडवल्या तर काय उरेल? सुताचा गुंता. सूत तेच, वजन तेच, पण त्यात मासा अडकणार नाही. एका धाग्याला दुसरा धागा ठिकठिकाणी बांधला की त्याचं जाळं होतं.

निसर्गातले अनेक पदार्थ अशाच लांबच लांब रेणूंचे बनलेले असतात. त्यांना बायोपॉलिमर म्हणतात. कातडी, हाडं, स्नायुबंध यांतलं कोलॅजेन, सांध्यातल्या वंगणात असणारं हायलुरॉनिक ॲसिड, समुद्री शेवाळातलं अल्जिनेट, झाडाच्या चिकातलं रबर ही सगळी त्यांचीच उदाहरणं. या लांब रेणूंना एकमेकांशी आडव्या बंधांनी जोडणं म्हणजे क्रॉसलिंकिंग. बंध जोडले की पदार्थ मजबूत होतो, पाण्यात विरघळत नाही आणि शरीरातली पाचक द्रव्यं त्याला सहजासहजी तोडू शकत नाहीत.

हे काम शरीर स्वतःही करतं. आपल्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी साधारण पाव ते एकतृतीयांश प्रथिन कोलॅजेनच असतं. पेशी ते तयार करतात, तीन तीन साखळ्यांचा पीळ देतात आणि मग लायसिल ऑक्सिडेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, त्या पिळांमध्ये आडव्या गाठी मारतं. त्या विकराला तांबं लागतं. पीळ नीट बसायला क जीवनसत्त्व लागतं. ते मिळालं नाही की हिरड्यांतून रक्त येतं, जखमा भरत नाहीत. हाच स्कर्व्ही.

कोविडच्या काळात ‘डी-डायमर’ हा शब्द तुमच्या घरातही पोचला असेल. रक्ताची गुठळी होते तेव्हा फायब्रिनचे धागे तयार होतात आणि रक्तातला तेरावा घटक त्यांना एकमेकांशी बांधतो. पुढे शरीर ती गुठळी विरघळवतं तेव्हा ती गाठ तशीच राहते आणि तिच्या दोन्ही बाजूंचे तुकडे जोडीनं रक्तात येतात. ती जोडी म्हणजे डी-डायमर. तुम्ही रिपोर्टमध्ये जो आकडा बघत होता, तो क्रॉसलिंकिंगच्या अवशेषांचा होता.

थोडक्यात, गाठी मारणं हे काही कारखान्यात सुरू झालेलं काम नाही. कारखान्यानं फक्त दुसऱ्या दोऱ्यानं गाठ मारली.

कोल्हापुरी चपलेपासून टाक्यांपर्यंत

मेलेल्या जनावराचं कातडं तसंच ठेवलं तर दोन दिवसांत सडतं. तेच कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवलं की त्याची कोल्हापुरी चप्पल होते आणि ती पावसाळे काढते. झाडाच्या सालीतलं टॅनिन कातडीतल्या कोलॅजेनला घट्ट बांधून ठेवतं. आपल्याकडे ढोर आणि चांभार समाजातल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या हे ज्ञान हातात जपलं. रसायनशास्त्राचं पुस्तक त्यांच्याजवळ नव्हतं, पण किती दिवस मुरवायचं, कातडं कधी झालं म्हणायचं, हे त्यांना बोटांनी कळायचं.

शस्त्रक्रियेतही हेच घडलं. कॅटगट नावाचा टाक्याचा धागा मेंढीच्या किंवा गुरांच्या आतड्यापासून करतात. साधा कॅटगट आठवड्या-दहा दिवसांत ताकद गमावतो. काही जखमांना एवढा वेळ पुरत नाही. म्हणून क्रोमियमच्या क्षारात मुरवलेला क्रोमिक कॅटगट आला. तो साधारण दोन आठवडे किंवा त्याहून थोडा जास्त धरून ठेवतो. कातडी कमवण्याचीच ही एक पद्धत. बाळंतपणाच्या वेळी तुमच्या आईला किंवा आजीला घातलेले ‘विरघळणारे टाके’ बहुधा हेच होते.

दाताच्या कवळीचं माप देताना दंतवैद्य तोंडात मऊ लगदा घालतात आणि तो दोन-तीन मिनिटांत रबरासारखा घट्ट होतो. तो शेवाळातला अल्जिनेट. त्यात मिसळलेलं कॅल्शियम त्याचे धागे बांधतं. म्हणजे क्रॉसलिंकिंग तुमच्या तोंडातच होऊन जातं.

गाठी किती मारायच्या?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गाठी जितक्या जास्त, तितका पदार्थ चांगला, असं नाही.

भाजलेल्या रुग्णांसाठी बनवलेली कृत्रिम त्वचा हे याचं सुंदर उदाहरण आहे. अमेरिकेतले सर्जन जॉन बर्क आणि एमआयटीतले शास्त्रज्ञ आयोनिस यानस यांनी १९८१ मध्ये तिचे रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. गाईचं कोलॅजेन आणि शार्क माशाच्या कूर्चेतला एक पदार्थ एकत्र करून त्यांनी सच्छिद्र पत्रा तयार केला, त्यात गाठी मारल्या आणि वर सिलिकोनचा पातळ थर दिला. प्रश्न होता तो गाठींच्या प्रमाणाचा. कमी गाठी मारल्या तर रुग्णाच्या पेशी आत शिरून नवी त्वचा तयार करण्याआधीच पत्रा विरघळून जाणार. फार मारल्या तर तो विरघळणारच नाही आणि शरीर त्याला परकी वस्तू समजून भोवती व्रण तयार करणार. त्यांनी प्रमाण असं बसवलं की काही आठवड्यांत आतून नवी त्वचा तयार व्हावी आणि त्याच वेगानं पत्रा नाहीसा व्हावा. घर बांधताना लावलेली परात जशी स्लॅब पक्का झाल्यावरच काढतात, तसं.

आता डोळ्याचं उदाहरण घेऊ, कारण त्यावरून माझ्या दवाखान्यात वाद होतात.

केराटोकोनस नावाच्या आजारात बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. हा आजार बहुधा किशोरवयात सुरू होतो आणि तिशी-पस्तिशीपर्यंत वाढत राहतो. चष्म्याचा तिरका नंबर सारखा बदलतो. शेवटी काहींना कॉर्निया बदलावा लागतो. डोळे सतत चोळण्याच्या सवयीशी त्याचा संबंध आहे, म्हणून ॲलर्जीमुळे डोळे चोळणाऱ्या मुलांना वेळीच आवरा.

जर्मनीतल्या ड्रेस्डेन इथे वोलेन्साक, स्पोर्ल आणि झायलर यांनी २००३ मध्ये एक साधा पण धाडसी उपचार प्रसिद्ध केला. कॉर्नियाही कोलॅजेनचाच. त्यांनी डोळ्यात रायबोफ्लेविनचे, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब घातले आणि मग अर्धा तास ठरावीक तीव्रतेचा अतिनील प्रकाश टाकला. प्रकाशामुळे रायबोफ्लेविन सक्रिय होतं आणि कोलॅजेनमध्ये नव्या गाठी बसतात. त्यांनी २३ डोळ्यांवर हा उपचार केला आणि सगळ्यांत आजाराची वाढ थांबली. आज हा उपचार जगभर होतो, आपल्याकडेही होतो. त्यानं चष्मा जात नाही, दोन-तीन दिवस डोळा दुखतो, आणि कॉर्निया फारच पातळ झालेला असेल तर नेहमीच्या पद्धतीनं तो करता येत नाही. ही शेवटची अट महत्त्वाची आहे, कारण उशीर केला की दार बंद होऊ शकतं.

अशाच एका एकोणीस वर्षांच्या मुलाची आई मला विचारायला आली होती. “डोळ्यात केमिकल आणि वर अल्ट्राव्हायोलेट? त्यापेक्षा काही नॅचरल थेंब घालून बघू का सहा महिने?” त्या माऊलीची भीती मला समजते. पण इथे ‘केमिकल’ म्हणजे दुधात असणारं जीवनसत्त्व होतं, आणि ‘नॅचरल’ थेंबांनी गाठी बसणार नव्हत्या. सहा महिन्यांत नुकसान झालं असतं ते मुलाच्या नजरेचं. मी तिला तेवढंच सांगितलं आणि नेत्रतज्ज्ञांकडे परत पाठवलं.

हृदयाची झडप आणि एका मुलीचा निर्णय

१९६० च्या दशकाच्या मध्यात पॅरिसमध्ये डुकराच्या हृदयातल्या झडपा माणसांना बसवून पाहिल्या गेल्या. त्या पुरेशा टिकल्या नाहीत. आलँ कार्पांतिए या सर्जननं त्याचा पाठपुरावा केला आणि त्याच दशकाच्या अखेरीस ग्लुटाराल्डिहाइड हे रसायन वापरायला सुरुवात केली. या रसायनानं झडपेतल्या कोलॅजेनमध्ये पक्क्या गाठी बसल्या, तिचं परकेपण कमी झालं आणि ती वर्षानुवर्षं टिकू लागली. या कामासाठी २००७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. हेच ग्लुटाराल्डिहाइड इस्पितळात दुर्बिणीची उपकरणं निर्जंतुक करायलाही वापरतात. झडपेसाठी ते त्याहून पातळ करून वापरतात आणि नंतर झडप नीट धुऊन घेतात.

आज डुकराच्या झडपेपासून किंवा गाईच्या हृदयावरच्या आवरणापासून या ‘टिश्यू व्हॉल्व्ह’ तयार होतात. मांडीतल्या रक्तवाहिनीतून बसवायच्या नव्या झडपाही अशाच आवरणाच्या असतात. त्यांचा मोठा फायदा हा की रक्त पातळ करणारी गोळी बहुतेकांना आयुष्यभर घ्यावी लागत नाही. धातू-कार्बनच्या यांत्रिक झडपेला मात्र ती जन्मभर लागते. आपल्या तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं विकसित केलेली आणि १९९० पासून रुग्णांना बसवली जाणारी झडप याच यांत्रिक प्रकारातली.

मग सगळ्यांनी टिश्यू झडपच का घेऊ नये? कारण ती झिजते आणि तिच्यावर कॅल्शियम साचतं. ज्या ग्लुटाराल्डिहाइडनं तिला टिकाऊ केलं, त्याचाच उरलेला अंश हे कॅल्शियम साचायला हातभार लावतो. साठी-सत्तरीतल्या माणसात ती साधारण दहा-पंधरा वर्षं, कधी त्याहूनही जास्त चालते. तरुण शरीरात मात्र ती बरीच लवकर खराब होते आणि पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येते.

लहानपणच्या संधिज्वरातून, म्हणजे र्‍हुमॅटिक तापातून झडपा बिघडलेले तरुण रुग्ण आपल्या देशात अजूनही पुष्कळ आहेत. अशाच एका सव्वीस वर्षांच्या, नुकतंच लग्न झालेल्या मुलीला झडप बदलायला सांगितलं होतं. तिचे सासरे मला म्हणाले, “डॉक्टरसाहेब, नॅचरल झडपच बसवूया ना? लोखंड कशाला?” मी तिच्याकडे वळून विचारलं, “तुला काय हवंय?” तिला मूल हवं होतं. वॉरफेरिनसारखी गोळी पोटातल्या बाळाला धोकादायक ठरू शकते आणि गरोदरपणात यांत्रिक झडप सांभाळणं अवघड असतं. टिश्यू झडप घेतली तर हा प्रश्न बराच सुटतो, पण पुढे दुसरी शस्त्रक्रिया जवळपास ठरलेलीच. तिनं हे सगळं शांतपणे ऐकून, हृदयतज्ज्ञांशी बोलून टिश्यू झडप निवडली. ती नैसर्गिक म्हणून नव्हे, तर मूल आधी आणि दुसरं ऑपरेशन नंतर, असा हिशेब करून. निर्णय तोच झाला जो सासरे म्हणत होते, पण दोन्हींत फरक आहे. काही वर्षांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेचं नाव निघेल तेव्हा ती मुलगी ‘आम्हाला फसवलं’ असं म्हणणार नाही.

चेहऱ्यावरचं ‘शरीरातलंच’ द्रव्य

आता उलट बाजू. इथे ‘नॅचरल’ हा शब्द थेट धोका लपवतो.

नाक सरळ करायला, ओठ भरायला, गालावरचे खड्डे घालवायला फिलर टोचतात. जाहिरात सांगते, “हायलुरॉनिक ॲसिड, तुमच्या शरीरातच असतं.” खरंच असतं. पण साधं हायलुरॉनिक ॲसिड टोचलं तर शरीर ते एक-दोन दिवसांत पचवून टाकेल. फिलर सहा महिने, वर्ष, कधी दीड वर्ष राहतो, कारण त्यात बीडीडीई नावाच्या रसायनानं गाठी मारलेल्या असतात. नीट शुद्ध केलेल्या मालात या रसायनाचा सुटा अंश अत्यल्प राहतो, त्यामुळे त्याचा बाऊ करायचं कारण नाही. धोका वेगळाच आहे. गाठी मारलेलं ते द्रव्य म्हणजे घट्ट जेली असते. ती चुकून रक्तवाहिनीत गेली तर रक्तपुरवठा बंद पडतो. त्वचा काळी पडून झडू शकते. नाक आणि भुवयांच्या मधला भाग यांच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात, त्यामुळे क्वचित पण कायमचं अंधत्व येऊ शकतं.

यावर एक उतारा आहे. हायलुरोनिडेज नावाचं विकर टोचलं तर हायलुरॉनिक ॲसिडची ही जेली विरघळते. पण ते लगेच, जाणत्या हातानं द्यावं लागतं. म्हणून फिलर घेण्याआधी विचारा, टोचणारी व्यक्ती त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन आहे का, आणि हायलुरोनिडेज याच खोलीत, आत्ता उपलब्ध आहे का? ब्यूटी पार्लरमध्ये या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही तर उठून या. टोचल्यावर तीव्र वेदना, त्वचा पांढरी पडणं, जाळीसारखे जांभळट डाग किंवा नजरेत बदल यांतलं काहीही झालं तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका, त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात जा.

गुडघ्यात टोचायची ‘जेल’ याच कुटुंबातली. काही प्रकार कोंबड्याच्या तुऱ्यापासून केलेल्या, गाठी मारलेल्या हायलुरॉनिक ॲसिडचे असतात. त्यांचा फायदा फार तर माफक असतो आणि हाडांच्या तज्ज्ञांच्या काही नामांकित संघटना त्यांचा सरसकट वापर सुचवत नाहीत. ‘गुडघ्याला नैसर्गिक वंगण’ हे ऐकायला छान वाटतं. पण व्यायाम आणि वजन कमी करणं यांना ते पर्याय नाही.

आणि दुधात घालून प्यायची कोलॅजेन पावडर? तिच्यातलं कोलॅजेन पोटात पचून त्याचे लहान लहान तुकडे होतात. शरीराला त्यातून कच्चा माल मिळतो, पण तो थेट तुमच्या गुडघ्यात किंवा गालात जाऊन बसत नाही. पेरू, आवळा, लिंबू, डाळ-भात यांतूनही शरीराला कोलॅजेन बांधायचं सामान मिळतंच.

नको असलेल्या गाठी

गाठींचा अतिरेक काय करतो हे मी रोज पाहतो. माझ्या मधुमेही रुग्णांना मी नमस्कार करायला सांगतो. ते हसतात, त्यांना वाटतं डॉक्टर गंमत करताहेत. पण मी त्यांचे तळवे बघत असतो. मधुमेह बरीच वर्षं अनियंत्रित असेल तर काहींची बोटं एकमेकांना सपाट चिकटत नाहीत, मध्ये फट राहते. रक्तातली जादा साखर कोलॅजेनला चिकटते आणि वर्षानुवर्षं त्यात नको असलेल्या आडव्या गाठी बसत जातात. कातडी आणि सांधे कडक होतात. रक्तवाहिन्याही कडक होतात. यातली एकही गाठ रसायनाच्या कारखान्यातून आलेली नाही. घरच्या साखरेनं ती मारली आहे. ‘नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी’ असं मानणाऱ्यांनी एकदा असा नमस्कार जवळून पाहावा.

घरगुती बाब म्हणून एवढंही लक्षात ठेवा, की औषधाच्या कॅप्सूलचं आवरण बहुधा जिलेटिनचं, म्हणजे शिजवलेल्या कोलॅजेनचं असतं. उष्णता आणि दमट हवा यांमुळे त्यातही गाठी बसू शकतात आणि मग कॅप्सूल पोटात वेळेवर उघडत नाही. गॅसच्या शेगडीवरचं फडताळ किंवा उन्हात उभी गाडी ही औषधं ठेवायची जागा नव्हे.

विचारायचे चार प्रश्न

शरीरात बसवायची, टोचायची किंवा जखमेवर लावायची कोणतीही वस्तू असेल, तर डॉक्टरांना हे विचारा:

१. ही कशापासून बनली आहे? गाय, डुक्कर, मासा, शेवाळ की पूर्णपणे कृत्रिम?

२. टिकावी म्हणून तिच्यावर काय प्रक्रिया केली आहे? त्याची ॲलर्जी किंवा त्रास होऊ शकतो का?

३. ती किती दिवस किंवा वर्षं टिकेल? माझ्या वयात, माझ्या आजारात किती? टिकली नाही तर पुढे काय?

४. काही बिघडलं तर ती काढता किंवा विरघळवता येते का? ती सोय इथे आहे का?

माझे काही सहकारी म्हणतात, “एवढं सांगत बसलो तर पेशंट घाबरून गरजेचा उपचारही नाकारतील. डुक्कर म्हटलं की संपलं.” ही भीती अगदीच खोटी नाही. एखादा रुग्ण नाकारेल. पण माझा अनुभव असा, की बहुतेक माणसं कारण समजलं की समंजसपणे ठरवतात. जीव वाचवण्यासाठी अशा गोष्टी स्वीकारायला अनेक धर्मांतली जाणती मंडळी मोकळीक देतात, पण ती मोकळीक घ्यायची की नाही हे ज्याचं शरीर त्यानं ठरवायचं. डॉक्टरांनी परस्पर नाही. आणि बऱ्याचदा पर्यायही असतो. आजोबांच्या पाझरणाऱ्या जखमेला शेवाळाच्या अल्जिनेटची पट्टीही चालली असती. मी विचारलं नाही म्हणून ती माझ्या डोक्यातच आली नाही.

तातडीच्या वेळी, रक्त वाहत असताना, कुणी पाकीट वाचत बसणार नाही आणि बसूही नये. पण झडप, फिलर, गुडघ्यातलं इंजेक्शन, महिनाभराचं ड्रेसिंग हे सगळं ठरवायला वेळ असतो. तो वेळ तुम्ही मागा. आम्ही घाईत दिसलो तरी मागा.

आजोबांची ती जखम भरली. दीड-दोन वर्षांनी दुसऱ्या पायाला नवी जखम घेऊन ते पुन्हा आले. या वेळी मी दोन पाकिटं त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली. हे गुरांच्या कोलॅजेनचं, हे समुद्रातल्या शेवाळाचं. दोन्ही कशी बांधली आहेत, किती दिवसांनी बदलावी लागतील, खर्च किती, सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आता तुम्ही सांगा, तुम्हाला कुठलं बरं वाटतं?”

शेवाळाचं, असं मी म्हणालो. जखम तशीच होती. “मग तेच लावा,” म्हणाले, आणि पाय पुढे केला.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. स्वतःच्या उपचाराचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या. लेखातल्या रुग्णांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)